पहिला डोळा कोणाचा?



या वेळी मला सेवेबद्दल लिहायला सांगितलं होतं. मी लिहितोय तेही सेवेबद्दलच आहे, पण त्यात माझी एक चूक आहे. ती आधी सांगतो, मग त्यातून उठलेला प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

नेत्रशिबिराच्या सेवेत मी गेली सहा वर्षं आहे. काम साधंच. देपालपूरकडच्या गावांतून मोतीबिंदूच्या पेशंटांना गाडीत बसवून इंदूरला आणायचं, कागद भरायचे, ऑपरेशननंतर वेळेवर थेंब घालायचे, आणि पट्टी निघाली की काळा चष्मा लावून घरी सोडायचं. मागच्या हिवाळ्यात आमच्या गाडीत एक बाबा होते, सत्तरीच्या पुढचे. आत न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि माळवीत विचारलं, "म्हारी आँख पे कोई सीखेगो तो नी?" म्हणजे, माझ्या डोळ्यावर कोणी शिकणार तर नाही ना?

मी हसून म्हणालो, "नाही बाबा, मोठे डॉक्टर आहेत."

मला ते माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं. त्यांना धीर यावा म्हणून बोलून गेलो.

बाबांचं ऑपरेशन एका शिकाऊ डॉक्टरनं केलं. भिंगामागची पिशवी फाटली. वरिष्ठ डॉक्टर लगेच आले, त्यांनी सावरून घेतलं, पण त्या दिवशी नवं भिंग बसवता आलं नाही. काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं. आज त्यांना दिसतं, पण त्याच गाडीतून आलेल्या इतरांना दिसतं तितकं नाही. बाबांनी तक्रार केली नाही. "भगवान की मरजी" म्हणाले. मला मात्र ते सगळं भगवंतावर ढकलणं बरं वाटेना.

कारण त्याच्या आदल्या वर्षी आमच्या हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पैसे भरून. तेव्हा काउंटरवर मी स्पष्ट विचारलं होतं, "सर स्वतः करणार ना? शिकाऊ कोणी नको." एकदा नाही, दोनदा विचारलं. घरच्या डोळ्यासाठी दोनदा विचारणाऱ्या मला बाबांच्या डोळ्यासाठी एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आणि वर मी त्यांना खोटा भरवसा दिला.

तो शिकाऊ डॉक्टर वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याचाही त्या दिवशी चेहरा उतरला होता. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. प्रश्न असा आहे: शिकणाऱ्याच्या हातून सुरुवातीला चूक होण्याचा धोका असतोच. मग त्याचा पहिला डोळा कोणाचा असावा?

"कोणाचाच नको" हे उत्तर द्यायला सोपं आहे. पण मग वीस वर्षांनी ऑपरेशन करायला डॉक्टर कुठून येणार? आमच्या हिचं ऑपरेशन ज्या सरांनी इतक्या सफाईनं केलं, तेही कधीतरी शिकाऊ होतेच. त्यांचाही एक पहिला पेशंट होता. तो कोण, त्याचं काय झालं, हे आम्हाला माहीत नाही. सफाई आम्हाला मिळाली, धोका त्या अनोळखी माणसानं घेतला. आणि तो बहुधा पैसे भरून "सरच हवेत" म्हणणारा नसावा.

हा विषय डोक्यात असतानाच लग्नाच्या निमित्तानं हैदराबादला जाणं झालं. माझी भाची तिथं नेत्रशल्यचिकित्सेचं शिक्षण घेते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही उद्या माझ्याबरोबर चला. एक मशीन दाखवते."

मशीन म्हणजे टेबलावर ठेवलेलं प्लास्टिकचं डोकं. त्यात एक नकली डोळा. वर खऱ्यासारखाच मायक्रोस्कोप, खाली पायाजवळ दोन पेडल. मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं तर खरा डोळा दिसतो: बाहुली, तिच्यामागे धुरकट भिंग, उजेडाची लाल झाक. प्रत्यक्षात तिथं काहीच नसतं. दोन नळ्यांमध्ये दोन छोटे पडदे असतात. प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दिसतं, म्हणून खोली जाणवते. हातातली अवजारं नकली डोळ्यात शिरली की आतले कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात आणि संगणक त्या क्षणी चित्र बदलतो. अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. 'आयसी' नावाचं या जातीचं यंत्र जर्मनीत मानहाइमला तयार झालं आणि आज अनेक देशांत शिकवायला वापरलं जातं.

भाचीनं मला बसवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन समजायला एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपलं भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. पिशवीला पुढून गोल तोंड पाडायचं, आतलं धुरकट भिंग फोडून ओढून घ्यायचं, आणि त्याच पिशवीत नवं भिंग ठेवायचं. पिशवीची मागची भिंत शाबूत राहिली पाहिजे. ही भिंत मधोमध एका मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतकी पातळ असते. आपला केस तिच्यापेक्षा कितीतरी जाड.

मी चिमटा आत घातला. बाहेर माझा हात स्थिर वाटत होता. मायक्रोस्कोपमध्ये तोच हात असा थरथरत होता, जणू झाडाची फांदी वाऱ्यावर हलतेय. दीड मिनिटात पिशवी फाटली. पडद्यावर गुण आले, म्हणजे आलेच नाहीत. भाचीनं एक बटण दाबलं आणि डोळा पुन्हा नवा झाला.

मी तीनदा केलं, तीनदा फाडलं. तिसऱ्यांदा फाडल्यावर मला बाबा आठवले. त्यांच्या डोळ्याला असं बटण नव्हतं.

भाची म्हणाली, "मामा, इथं कितीतरी तास घालवल्यावर मला पहिला जिवंत डोळा दिला. तोही पूर्ण नाही, ऑपरेशनचा एकच टप्पा, आणि मॅडम शेजारी बसलेल्या. तरी आदल्या रात्री मला झोप लागली नाही."

आता कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी यंत्रांची कौतुकं. तसं नाही. जिवंत माणसाला हात लावण्याआधी दुसरीकडे हात बसवायचा, ही गोष्ट सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानात त्यासाठी एक वेगळा अध्यायच आहे. त्यात शिष्यानं कापण्याचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर करायचा; भेदन शिकायचं ते पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर; शीर टोचायला शिकायचं ते मेलेल्या जनावराच्या शिरेवर नाहीतर कमळाच्या देठावर; पट्टी बांधायला शिकायचं ते माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. आणि ज्यानं शास्त्र भरपूर वाचलं पण असा सराव केला नाही, तो प्रत्यक्ष कामाला अपात्रच, असंही तिथं सांगितलंय. याच संहितेत मोतीबिंदू सुईनं बाजूला सारायची क्रियाही आहे. म्हणजे ज्यांनी डोळ्यात सुई घालायचं धाडस केलं, त्यांनीच आधी कमळाच्या देठावर शीक असं सांगून ठेवलं.

अडचण एवढीच, की कमळाचा देठ म्हणजे डोळा नव्हे. बकऱ्याचा डोळाही माणसाच्या डोळ्यासारखा नसतो, तरी आजही खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांवर आपल्या देशात पुष्कळ डॉक्टर हात बसवतात. शास्त्र पुढे गेलं तसं काम नाजूक होत गेलं. १७४७ मध्ये फ्रान्समध्ये जाक दाविएल यांनी भिंग बाजूला सारण्याऐवजी बाहेर काढायला सुरुवात केली. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी दंतवैद्याकडचं दात साफ करायचं कंपनाचं उपकरण पाहून भिंग आतल्या आत फोडून ओढायची पद्धत काढली. तीच आपण 'फेको' म्हणतो. जखम लहान होत गेली, पण शिकणाऱ्याला चुकायला जागाही तितकीच कमी उरली.

चुकायला सुरक्षित जागा आधी मिळाली ती वैमानिकांना. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा माणूस होता. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना. ऑर्गनमध्ये हवेचे भाते असतात, तेच वापरून त्यानं १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डुलणारं नकली विमान बनवलं. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं म्हणून घेतलं. १९३४ मध्ये तिथल्या सैन्याकडे विमानानं टपाल न्यायचं काम आलं. रात्री, ढगांत उडायची सवय नव्हती. थोड्याच आठवड्यांत एकामागून एक वैमानिक मेले. मग सैन्यानं लिंकची यंत्रं विकत घेतली. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी दोन्ही डोळ्यांपुढे छोटे पडदे ठेवून, डोकं वळवलं की चित्रही वळेल असं उपकरण केलं. ते इतकं जड होतं की छतापासून टांगावं लागे. भाचीच्या मायक्रोस्कोपमधले ते दोन पडदे त्याच वंशातले.

याचा उपयोग खरंच होतो का? ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांच्या राष्ट्रीय नोंदींवरून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांचा हिशेब काढला गेला. २००९ ते २०१५ या काळात तिथं सिम्युलेटरचा वापर पसरला. त्या काळात या डॉक्टरांच्या हातून पिशवी फाटण्याचं प्रमाण शेकडा ४.२ वरून २.६ वर आलं. म्हणजे हजार पेशंटांमागे सोळा डोळे वाचले. सोळा हा आकडा लहान वाटेल, पण त्यातला एक डोळा आपल्या घरचा असेल तर तो लहान नाही.

दुसरा दाखला आफ्रिकेतला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिंबाब्वेमधल्या पन्नास शिकाऊ डॉक्टरांपैकी निम्म्यांना केप टाउनला नेऊन पाच दिवस कृत्रिम डोळ्यांवर कसून सराव दिला. महागडं यंत्र नव्हे, नकली डोळे आणि शिकवणारा माणूस. वर्षभरानंतर पाहिलं तर सराव न मिळालेल्यांकडे पिशवी फाटण्याचं प्रमाण शेकडा २७ च्या आसपास होतं, सराव मिळालेल्यांकडे ८ च्या आसपास. उरलेल्या निम्म्यांनाही वर्षभरानं तेच शिक्षण दिलं. मला यातही एक गोष्ट टोचली. ते वर्षभर थांबलेल्या डॉक्टरांकडे जे पेशंट गेले, त्यांच्या डोळ्यांनी आपल्याला हे ज्ञान दिलं. तुलना केल्याशिवाय कळलं नसतं, हे खरं. पण ज्ञान फुकट आलं नाही, हेही विसरू नये.

आता मला जे म्हणायचंय ते सांगतो. एखादी गोष्ट नाइलाज असते तोपर्यंत तिचा दोष कोणावर फारसा येत नाही. जेव्हा नकली डोळाच नव्हता, तेव्हा गरिबाच्या डोळ्यावर शिकणं दुःखाचं होतं, पण दुसरा रस्ता नव्हता. ज्या दिवशी नकली डोळा आला, त्या दिवसापासून तो नाइलाज राहिला नाही. त्यानंतरही कोणी सराव न करता थेट जिवंत डोळ्यावर हात टाकत असेल, किंवा टाकायला लावत असेल, तर ती निवड आहे, आणि तिचा जाब द्यावा लागेल. नवं साधन सोय घेऊन येतं, हे आपण लगेच बघतो. ते आपली एक सबब घेऊन जातं, हे आपण बघत नाही.

आणि हा जाब फक्त डॉक्टरांना नाही. शिबिर भरवणाऱ्या आम्हालाही आहे. आम्ही किती ऑपरेशनं झाली ते मोजतो, फोटो ग्रुपवर टाकतो. करणाऱ्यानं आधी किती सराव केला, हे आम्ही कधी विचारलं नाही. फुकट मिळतंय ना, मग विचारायचं कशाला, असं आमच्या मनात असावं. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण इथं दात मोजायचा हक्क बाबांचा होता, आणि त्यांच्या वतीनं तो मी सोडून दिला.

मात्र यंत्रानं सगळं सुटलं असंही नाही. हजार वेळा नकली डोळा बरा केला तरी पहिला जिवंत डोळा पहिलाच राहतो. त्याला श्वास असतो, भीती असते, तो मध्येच खोकतो. लंडनला हॅरॉल्ड रिडली नावाचे डॉक्टर होते. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लास्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊन बसले होते आणि तरी डोळा चिडला नव्हता, हे त्यांनी पाहिलं. त्यावरून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी जगातलं पहिलं कृत्रिम भिंग एका बाईच्या डोळ्यात बसवून पाहिलं. भिंगाची ताकद हिशेबापेक्षा फार जास्त निघाली. त्या बाईंना मोठ्या उणे नंबरचा चष्मा लागला. पुढच्यांच्या वेळी हिशेब सुधारला. आज जगात कोट्यवधी लोक त्या भिंगातून बघतात, आमची ही सुद्धा. रिडलींना पुढे मान मिळाला, म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगं बसली. तो मान योग्यच होता. पण त्या बाईंचंही आपल्यावर ऋण आहे.

घरातसुद्धा हे असंच असतं. आमच्या थोरल्यावर मी आईबाप होणं शिकलो. त्याला उगाच मारलं, उगाच धाकात ठेवलं. धाकट्याच्या वेळी हात आणि तोंड दोन्ही आवरलेलं होतं. धाकटा म्हणतो, "बाबा किती शांत आहेत." थोरला गप्प बसतो. त्यासाठी कुठलं यंत्र नव्हतं हे खरं, पण मी त्याला कधी सांगितलंही नाही, की बाळा, मी तुझ्यावर शिकलो. ते मागच्या महिन्यात सांगितलं. तो फोनवर थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माहीत आहे मला."

तर ज्याचा डोळा पहिला असेल, त्याला आपण काय देणं लागतो? मला तीन गोष्टी सुचतात. एक, खरं सांगणं. शिकणारा कोण, बरोबर कोण बसणार, हे त्याच्या भाषेत सांगायचं आणि नको म्हणायची मोकळीक द्यायची. दोन, शिकणाऱ्यानं आधी नकली डोळ्यावर चुकून झालेलं असणं, आणि जाणत्याचा हात एका वितीवर असणं. तीन, हा भार सगळ्यांनी वाटून घेणं. फुकटवाल्यांचा डोळा शिकायला आणि पैसेवाल्यांचा डोळा सरांना, ही वाटणी मला आता मान्य होत नाही.

तिसरी गोष्ट लिहिताना माझा हात थांबला, कारण माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. दिवाळीनंतर ऑपरेशन आहे. मी डॉक्टरांना सांगितलंय, की सराव पूर्ण झालेल्या शिकाऊ डॉक्टरनं एखादा टप्पा केला तर माझी हरकत नाही, तुम्ही शेजारी असाल तर. ही रागावली. म्हणाली, "दुसऱ्याच्या भल्यासाठी आपला डोळा पणाला लावायचा? आणि तुम्हाला दिसलं नाही तर बघायचं कोणी?" तिचं म्हणणं चुकीचं नाही. मी काही दधीची ऋषी नाही. मी त्या शिकाऊ डॉक्टरनं मशीनवर किती तास घालवले ते विचारून घेतलं, आणि तरीही रात्री मला भीती वाटते. तेव्हा बाबांनी माझा हात का धरला होता, ते कळतं. फरक एवढाच, की मला माहीत आहे आणि मी हो म्हटलंय. त्यांना दोन्ही मिळालं नाही.

गेल्या आठवड्यात देपालपूरला जाऊन बाबांना भेटलो. खरं काय ते सांगितलं, माझ्या खोट्यासकट. ते ऐकून म्हणाले, "तू पूछतो तो मैं हाँ भर देतो." विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. मला यावर काही बोलता आलं नाही. चहा घेतला आणि निघालो.

पुढच्या शिबिराला बेळगाव, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, जिथून कोणी सेवेला जात असाल, त्यांना एक विनंती. गाडीत बसवण्याआधी हॉस्पिटलला विचारा: शिकाऊ डॉक्टर करणार असतील तर त्यांचा सराव कशावर झाला, शेजारी कोण असेल, आणि पेशंटला कोण सांगणार. उत्तर मिळालं नाही तर दुसरं हॉस्पिटल बघा. आणि पेशंटनं हात धरून काही विचारलं, आणि तुम्हाला माहीत नसलं, तर "विचारून येतो" म्हणा. मी ते म्हटलं नव्हतं.

घरी सगळे बसाल तेव्हा यावर बोला. "आपल्या डोळ्यावर कोणी शिकलं तर चालेल का?" असं एकेकाला विचारा. मुलांनाही विचारा. आलेली उत्तरं ग्रुपवर टाका, वेगळी असतील तरी टाका.

आपलाच एक सेवेकरी,
इंदूर 🙏